कोरफडीची कुंडी

मंगला गेली तो गुरुवार होता. सकाळी तिने चहा केला. दहा वाजता तिला दवाखान्यात नेलं. तीन वाजता घरी आणलं.

आतल्या खोलीत कॉलनीतल्या बायका तिला साडी नेसवत होत्या. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला नवी साडी, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, सगळं रीतीने करतात. मी दाराबाहेर खुर्चीवर बसलो होतो. शेजारचे रतिलालभाई माझ्याजवळ उभे होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, काढून हातात धरलेली टोपी. लोटलेल्या दाराकडे न बघता ते एकदम म्हणाले, "निऱ्या सात. ताईले सात लागेत."

आतली कुजबुज थांबली. मग समोरच्या घरातल्या शोभाताई कुणाला तरी निऱ्या सोडून पुन्हा घ्यायला सांगत असल्याचं ऐकू आलं.

मंगला साडीच्या किती निऱ्या घेते हे चौतीस वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. शेजारच्या माणसाला होतं. त्या दिवशी मला त्याचं नवल वाटलं नाही. त्या दिवशी कशाचंच काही वाटलं नाही. नवल नंतर आलं.

रतिलालभाई मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. मूळचे म्हसावदकडचे गुजर पाटील. घरची केळी नि कापूस भावांनी बघितला, आणि हे साखळी घेऊन लोकांचे बांध मोजत फिरले. तोरणमाळचा घाट त्यांनी बसने कमी आणि पायी जास्त चढलेला. नोकरी संपली तेव्हा त्यांनी शहाद्याला आमच्या शेजारी घर बांधलं. नोकरी संपली, पण मोजणं संपलं नाही. लग्नाच्या पंगतीत बसले की दोन पानांमधलं अंतर वितीने बघून शेजारच्याला सरकायला लावत. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा कपाटातल्या एकाही पुस्तकाकडे त्यांनी पाहिलं नाही. एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नजर फिरवली आणि फळी पूर्वेला उतरते असं सांगितलं. मी तिच्याखाली लग्नपत्रिकेची घडी सारली. फळी अजूनही उतरते. एकदा पोट दुखायला लागलं, डॉक्टरांनी कुठे दुखतं विचारलं, तर म्हणाले, बेंबीपासून ईशान्येला चार बोटं.

कॉलनीत कुणाचं भांडण झालं की त्यांचा सल्ला ठरलेला. "पहिले हद्द कायम करा, मंग भांडा." मोजणीखात्यात हद्द कायम हा शब्द कागदावर असतो. रतिलालभाईंच्या तोंडात तो दिवसातून दहा वेळा असे.

त्यांच्याकडे कोरफडीची एक कुंडी होती. मातीची, काठाला टवका गेलेली. ही कुंडी घरात फिरायची. एखादं वर्ष स्वयंपाकघराच्या दारात, मग मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी, मग मागच्या अंगणात. बायकांचं म्हणणं होतं, कुणीतरी वास्तूचं काही सांगितलं असणार. माझा समज असा की, कोरफडीला ऊन लागतं. चाळीस वर्षं पुस्तकं वाचणाऱ्या मास्तराला समोरच्या गोष्टीचं सगळ्यात सोपं कारण सुचतं आणि ते हमखास चुकीचं निघतं.

मंगला असताना मी मागच्या अंगणात फारसा जात नसे. माझी खुर्ची पुढच्या खोलीत. मागे धुणं, भांडी, आणि दोन्ही घरांच्या मधली कमरेएवढी भिंत. ती भिंत मंगलाची होती. ती गेल्यावर भांडी माझ्याकडे आली, आणि तेव्हा मला दिसलं की भिंतीशी असलेली कुंडी तिथे नाही. दोन आठवड्यांनी ती मधल्या खोलीत होती. महिन्याने थेट स्वयंपाकघरात, शेगडीजवळ, जिथे ऊन तर सोडाच, धड उजेडही नव्हता.

पावसाळा संपता संपता मी मंगलाचं शिवणाचं सामान आवरायला काढलं. डब्यात आलेखाचा एक कागद सापडला. त्यावर पेन्सिलीने एका जमिनीचा नकाशा काढलेला. प्रमाण एकास पाच. कोपऱ्यात बाण करून उत्तर दिशा दाखवलेली. जमिनीचा आकार विचित्र होता: वर दोन्ही बाजूंना अर्धगोल खाचा, खाली रुंद. आत दोन फुल्या होत्या, त्या मी विहिरी समजलो. गट नंबर कुठेच नव्हता. इतक्या लहान शेतात दोन विहिरी कशाला, याचा मी बराच वेळ विचार करत बसलो. मग कागद उलटा केला. मागे मंगलाच्या अक्षरात लिहिलं होतं: भाई. बाही एक इंच सैल. गळा मागून बंद.

डब्याच्या तळाशी तीन ब्लाउज होते. मंगला बारीक चणीची होती. यातला एकही तिच्या मापाचा नव्हता. तिसऱ्याला हूक लावायचे राहिले होते.

मी ते तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी गेलो. रतिलालभाईंनी पुडा उघडला, पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवलं. आधण उकळू दिलं. मग उत्तरेकडून सुरुवात केल्यासारखं सगळं ओळीने सांगितलं.

त्यांना साडी नेसायला आवडे. लहानपणापासून. त्यांच्या बायकोला, कमलभाभींना, ते माहीत होतं. त्यांनी दोनच अटी घातल्या होत्या: स्वयंपाकघराच्या बाहेर नाही, आणि लग्नातल्या शालूला हात नाही. मग हद्दीची निशाणी म्हणून भाभींनीच दारात कोरफडीची कुंडी आणून ठेवली. भाभी गेल्यावर दोन वर्षांनी भाईंनी कुंडी मधल्या खोलीत आणली. निशाणी हलवली की आठ दिवस झोप लागत नसे, म्हणाले. मुलगा सुरतेला. त्यालाही ठाऊक आहे. तो चिडला, रडला, सहा महिने बोलला नाही, आणि आता दर रविवारी फोन करतो तेव्हा तब्येतीच्या आधी एकच विचारतो: "बापू, कुंडी कोठे शे?" नातीचं लग्न व्हायचं आहे. त्याने पुढच्या ओट्यापलीकडे जाऊ नका एवढंच सांगितलं.

आणि मंगला?

मंगलाला कळलं ते दोरीवरच्या साडीमुळे. विधुराच्या दोरीवर साडी वाळते याकडे तिने कितीतरी दिवस लक्ष दिलं नाही. पण एक दिवस तिला दिसलं की साडीचा फॉल भलत्याच टोकाला लावलाय. निऱ्यांखाली यायचा तो पदराला. हे तिला सहन झालं नाही. भिंतीवरून तिने सांगितलं की भाई, फॉल उलटा लागलाय, द्या इकडे. तिने टाके उसवून तो नीट लावून दिला, आणि साडी कुणाची ते विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात कुंडी मागच्या भिंतीशी आली.

मी विचारलं, इतकी वर्षं लपवायचा त्रास झाला नाही का. रतिलालभाईंनी मान हलवली. "दपाडनं नई, दखाडनं बी नई," ते म्हणाले. लपवायचं नाही आणि मिरवायचंही नाही. हे त्यांचं जुनं वाक्य. ते मी शंभर वेळा ऐकलं होतं आणि दरवेळी जमिनीबद्दल आहे असं समजलो होतो.

नोकरीत असताना धडगावकडे होळीला ते मुक्कामी असत. तिथे नवस असलेले पुरुष घुंगरं बांधून, सोंग घेऊन नाचतात, काही बायकांचा वेशही करतात. खात्यातले सोबती यांना आग्रह करत की तुम्हीही नेसा, आज कोण हसतंय. त्यांनी कधी ऐकलं नाही. "तो त्यासना नवस शे, सर. मन्हा नई. एक दिवसनी सूट लिसन काय करू?" एका दिवसाची सूट घेऊन करायचं काय.

आणि मिशी? ती तर पांढरी, भरघोस, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. मंगलानेही एकदा विचारलं होतं म्हणे. "मिशी मन्ही शे, साडी बी मन्ही शे," ते म्हणाले.

मी उठलो तेव्हा कुंडीकडे बोट करून विचारलं, ही परत आत का आणली. ते ब्लाउजची घडी घालत होते. चारही कोपरे जुळेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मिरवनं नई. पन कोनी तरी दखाले जोयजे ना."

कोणीतरी बघायला हवं ना. मंगला बघायची. तांदूळ निवडताना मान वर करायची, आज हा रंग बरा दिसतोय म्हणायची आणि पुन्हा खडे काढू लागायची. तेवढं पुरत असे.

तिसऱ्या ब्लाउजचे हूक मी लावायला घेतले. चार दुपारी लागल्या. सुई ओवण्यातच पहिली गेली. रतिलालभाईंनी पट्टी लावून पाहिलं आणि तिसरा हूक दोन सूत खाली आहे असं सांगितलं. घातला मात्र तोच ब्लाउज.

मग चार वाजता मी पुस्तक घेऊन मागच्या अंगणात बसू लागलो. कुंडी भिंतीशी परत आली. भिंतीपलीकडे ते साडी नेसून भाजी निवडत, मी वाचत असे. मी रोज "बरी आहे" म्हणतो यावर ते वैतागले. मंगला बारकाईने बोलत असे. म्हणून मी रंगांची नावं पाठ केली, आणि एका सोमवारी आत्मविश्वासाने सांगितलं की आमसुली तुम्हाला शोभते. ती डाळिंबी होती. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

वर्ष झालं. भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. शोभाताईंना सवाष्ण म्हणून बोलावलं, त्या हो म्हणाल्या. स्वयंपाकाला बाई सांगितली. आदल्या दिवशी मी भिंतीपाशी जाऊन रतिलालभाईंना म्हटलं, उद्या जेवायला या.

ते वांगी चिरत होते. कोण कोण आहे ते विचारलं. मी सांगितलं: शोभाताई आहेत, दुपारी बारा वाजता, पुढच्या दाराने. विळीवरचा हात थांबला. "मी कोन म्हनीसन येऊ?"

मी हे आधी ठरवलं नव्हतं. मंगला काय म्हणाली असती याचाही विचार केला नव्हता.

"मंगलाची मैत्रीण म्हणून या," मी म्हटलं.

त्यांनी पुढचं वांगं चिरायला घेतलं. संध्याकाळी मी पुढच्या खोलीत बसलो होतो तर बाहेर टेपचा आवाज आला. ते लेंगा-सदऱ्यात त्यांच्या ओट्यापासून माझ्या ओट्यापर्यंतचं अंतर मोजत होते. दोनदा मोजलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, आमचा हद्दीचा वाद लागलाय.

नवमीला बारा वाजता शोभाताई येऊन पाटावर बसल्या होत्या. मी दारात उभा होतो. शेजारचं दार उघडलं. रतिलालभाई बाहेर आले. मोतिया रंगाची साडी, हिरवा काठ, तोच तिसरा ब्लाउज, पीळ दिलेली मिशी, आणि दोन्ही हातांत कोरफडीची कुंडी. ओट्याच्या पायरीवर ते इतका वेळ थांबले की मला वाटलं परत जातील. समोरून एक मोटारसायकल आली, मंद झाली, पुढे गेली. कोपऱ्यावरचा दूधवाला बघत राहिला. भाई साखळी धरून चालतात तसे चालले, सारख्या अंतराची पावलं टाकत, नजर निशाणीवर. निशाणी मी होतो.

त्यांनी कुंडी माझ्या दाराच्या डाव्या हाताला ठेवली, जरा फिरवली, आणि आत आले.

शोभाताईंनी वर पाहिलं. हातातली वाटी खाली ठेवली. त्यांची नजर मिशीवर गेली, तिथून खाली साडीवर आली, आणि निऱ्यांवर थांबली.

"इतल्या सारख्या निऱ्या माले बी नई जमतस," त्या म्हणाल्या, आणि बाजूला सरकून जागा केली.

"सात शेतस," रतिलालभाई म्हणाले.

त्यांनी बसण्याआधी दोन पानांमधलं अंतर वितीने पाहिलं. ओटी शोभाताईंची भरली, रीतीप्रमाणे. मग शोभाताईंनी स्वतःच्या ओटीतला नारळ काढून भाईंच्या पदरात ठेवला. ते रीतीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळलं. दूधवाल्याने भाईंशी बोलणं सोडलं. दूध देतो, बोलत नाही. दोन घरांनी सत्यनारायणाला त्यांना बोलावलं नाही. बाकीच्यांनी चार दिवस चर्चा करून मग नळाच्या पाण्याचा विषय काढला. रतिलालभाई त्यानंतर साडी नेसून माझ्या घरी येतात, आणि त्याच्या पुढे जात नाहीत. बाजारात, बँकेत, बसस्टँडवर लेंगा नि सदरा. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, हद्द कायम झाली, आता मोजणी नको.

त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा ते माझ्याकडेच होते. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यांना कमी ऐकू येतं.

"बापू, कुंडी कोठे शे?"

"सरना ओटावर."

पलीकडे सुरतेच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. रतिलालभाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तिले पानी कोन घालस?" मुलाने विचारलं.

मी घालतो. आठवड्यातून एकदा, कोरफडीला तेवढं पुरतं.