बदला कशाचा?

आमचे खिल्लारे सर कुठलाही सिनेमा दोनदा बघतात. एकदा गुण बघायला आणि एकदा दोष बघायला. दोन्ही एकाच खेपेत बघितले तर, त्यांच्या म्हणण्यानुसार, "पेपर नीट तपासून व्हत न्हाई." तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. मला येत नाही, कारण दोन्ही वेळा शेजारच्या खुर्चीत मी असतो.

सर आणि मी वसमतच्या एकाच शाळेत आहोत. ते भूगोल शिकवतात, मी मराठी. माझी नोकरी संपत आली, गुडघे तर त्याआधीच संपले. रविवारी मला फक्त आडवं पडायचं असतं. पण जेवण उरकतं न उरकतं तोच फाटकाशी मोटारसायकलचा हॉर्न वाजतो. "चला सर, नांदेडला. तुमाला नुसतं बसायचं हाय, तकलीफ काय?" तकलीफ काय ते मोटारसायकलवर मागे बसून नांदेडला जाऊन आलेल्या माणसानेच सांगावं.

तरीही मी जातो. मागच्या सीटवर पूर्वी सुनंदावहिनी बसायच्या, म्हणजे सरांच्या पत्नी. नांदेडला लागलेला मारामारीचा एकही सिनेमा या जोडप्याने सोडला नव्हता. मग वहिनींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं तेवढं परत आलं. दुसरा झटका यायला नको, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून सर घरात पावलंसुद्धा जपून टाकतात. वहिनींची बहीण रविवारी येऊन बसते, सर सिनेमा बघून येतात आणि दुसरी खेप झाली की पलंगापाशी बसून तो वहिनींना सांगतात. अख्खा. मोबाइलवर दाखवा की, असं मी एकदा सुचवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "त्यात मानसं मुंगीएवढी दिसतेत. ह्यांनी सांगितलेलं बरं."

या हिवाळ्यात एका गुप्तहेराचा सिनेमा आला. त्याची बायको सुरुवातीलाच गाडीतल्या बॉम्बस्फोटात मरते आणि तो बदला घेण्यासाठी देशोदेशी हिंडतो.

पहिल्या रविवारी गुण झाले. "पाठलाग बघा सर, भर बाजारातून. आपल्या जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात अशी गाडी घालून दाखवा बरं कुनी." खलनायकावरही ते खूश होते. "त्याचंबी लेकरू मेलं हाय. त्याचा रागबी बराबर हाय. गुण द्यावं लागतेत सर." गुण द्यावं लागतेत, हे त्यांचं पालुपद. शाळेत कोऱ्या उत्तरपत्रिकेलाही ते ह्याच वाक्यावर पास करतात. एका प्रसंगात नायक घरी येतो, कपाट उघडतो, बायकोच्या साड्यांकडे बघतो आणि काही न बोलता कपाट लावून घेतो. "इथं पैकीच्या पैकी," सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी तेव्हा पेंगत होतो.

दुसऱ्या रविवारी दोष.

"साहेब सांगून राहिला, हा तुझा खाजगी मामला हाय, जाऊ नको. तरी हा गेला. रजा कोनती टाकली?"

"अर्जित असेल," मी म्हटलं. लवकर मिटावं म्हणून.

"इतके देश फिरून राहिला सर. एवढी अर्जित शिल्लक असती का कुनाची?"

पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं. सरांना त्याचं काही नव्हतं. "चष्मा लावला की ह्याला कुनी वळखत न्हाई. उद्या मी चष्मा काढला तर पोरं मला वळखनार न्हाईत का? आन् गुप्तहेर हाय, तर गच्चीवर हुबं राहून फोनवर वरडतो काहून?" नायक अख्ख्या सिनेमात एकदाही जेवला नाही, हेही त्यांनी टिपलं. मला फक्त एवढंच कळत होतं, की माझ्या खुर्चीची स्प्रिंग वर आली आहे.

मध्यंतरानंतर मात्र ते गप्प झाले. इतके गप्प की मला झोप लागेना.

परत येताना रस्त्यात चहाला थांबलो. "सर, त्या बायकोचं नाव काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. दोनदा बघूनही आठवेना. सिनेमात ते कुणी घेतलंच नव्हतं.

"नाव न्हाई, गाव न्हाई. नुसती बदल्यासाठी मारली. लई मोठा दोष हाय हा."

मी मराठीचा मास्तर. पात्र नीट उभं राहिलं नाही, वगैरे काहीतरी बोललो. सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "घरी काय सांगू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि माझ्याच बोलण्याची मला लाज वाटली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही. "तुमीबी बसा सर." वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. सरांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सिनेमा सुरू केला. त्यात गुप्तहेराच्या बायकोचं नाव संगीता होतं आणि ती अंगणवाडीत नोकरीला होती. ती गाडीत बसणार, तेवढ्यात तिला आठवलं, कोथिंबीर राहिली. ती भाजीवालीकडे गेली आणि इकडे गाडी उडाली.

"एकटी गाडीच?" वहिनींनी विचारलं.

"एकटी गाडीच."

पुढे नायक देशोदेशी हिंडला, पण संगीता घरून फोनवर होती. तो लाल टोपीवाला बराबर वाटत न्हाई, असं तिनेच आधी सांगितलं. अर्धी हेरगिरी तिने घरबसल्या केली. मी दोनदा बघितला त्यापेक्षा हा सिनेमा बरा होता, हे मला कबूल करावं लागेल.

"मंग बदला कशाचा?" वहिनी म्हणाल्या.

सर अडकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर न आलेलं पोरगं शेजारच्याकडे बघतं, तसं.

"गाडीचा," मी म्हटलं. "नवी कोरी होती, वहिनी."

"गाडीपायी एवढी मानसं मारली?"

"मारली."

"येडंच हाय." त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. सरांचा चेहरा उजळला. "दोषातच धरलंय मी हे, सुनंदा," असं म्हणत ते चहा ठेवायला आत गेले.

स्टोव्ह पेटल्याचा आवाज येईपर्यंत वहिनी थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मेली ना ती?"

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"मला माहीत हाय. बायको मेल्याबिगर असले सिनेमे व्हत न्हाईत. आमी काय कमी बघितले? पन ह्यांच्या तोंडून निघतच न्हाई. मागल्या सिनेमातली तर कड्यावरून पडली, तर म्हने खाली कडब्याची गंजी व्हती." त्या थोडं थांबल्या. बोलताना त्यांना दम लागतो. "तुमी काई म्हनू नका. सांगू द्या त्यांना."

सर चहा घेऊन आले. वहिनींचा त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली.

"शेवटी घरी आला का तो?" वहिनींनी विचारलं.

सिनेमात तो बर्फातून एकटाच चालत जातो आणि पडदा काळा होतो.

"आला की," सर म्हणाले. "संगीता कोथिंबीर निवडून राहिली व्हती. म्हनली, एवढा उशीर काहून? हा बसला तिच्यापाशी. तोबी निवडू लागला."

"हे बराबर केलं," वहिनी म्हणाल्या. सरांनी त्यांची हनुवटी पुसली. मग त्या म्हणाल्या, "पन त्याला म्हनावं, इथून पुढं कुठं एकटं जाऊ नको. संग कुनीतरी घेत जा."

"सांगतो," सर हसून म्हणाले आणि रिकामी बशी घेऊन आत गेले.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली. गुडघ्यांचं काय ते नंतर बघता येईल.