वेलकरांचं चिंचपोकळीचं एम. ए.

आमच्या गिरगावातल्या चाळीत जिन्याखालच्या फळ्यावर नळाच्या वेळा लिहिलेल्या असत. त्यांच्या शेजारी खिळ्याला एक टाईप केलेला कागद लटकलेला असे. 'एम. ए. (नाट्य). प्रथम वर्ष, प्रथम सत्र. सोमवार : राजवाडा. बुधवार : जंगल. शुक्रवार : तुरुंग. वेळ संध्याकाळी सात. उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही.' खाली सही : मो. ज. वेलकर, विभागप्रमुख.

चाळीत नवं बिऱ्हाड आलं की त्यातला कर्ता पुरुष हा कागद दोनदा वाचून मला हळूच विचारी, "हे वेलकर शुक्रवारी तुरुंगात असतात का हो?" मी सांगे, "असतात. पण साडेआठला सुटतात."

त्यात खोटं काही नव्हतं. वर्ग भरायचा चिंचपोकळीला, रेल्वेच्या कडेला, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पेंटरचे काम चाललेले पडदे वर टांगलेले असत. ज्या दिवशी जो पडदा ओला असेल तो हलवायचा नाही, बाकीच्यांपैकी एखाद्यापुढे वर्ग घ्यायचा, असा करार होता. राजवाड्यापुढे आम्ही चटया घालून बसायचो आणि बाहेरून गाडी गेली की राजवाडा हलायचा.

वेलकर एका सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर होते. घराणं जुन्या मुंबईचं. आजोबांच्या नावावर म्हणे गिरगावात जमीन होती, नातवाच्या नावावर दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली उरली होती. लग्न केलेलं नव्हतं. बंद गळ्याचा काळा कोट, काळी टोपी आणि काखेत फाईल, असा त्यांचा बारमाही वेष. कचेरी सुटल्यावर पंचवीस वर्षं त्यांनी गिरगाव ते परळ असतील नसतील तेवढ्या हौशी मंडळींना प्रॉम्प्टिंग केलं. स्वतः तोंडाला रंग एकदाही लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "लोक नाटक बघतात. मी नाटक सांभाळतो. नोंद असू द्या."

'नोंद असू द्या' हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद होतं, 'त्यांना विचारतोय कोण?' त्यातले 'ते' म्हणजे एक वजनदार शिक्षणसंस्था. नाट्य या विषयात मराठीतून एम. ए. असावं, अशी बावीस पानी योजना वेलकरांनी या संस्थेला पाठवली होती. उलट टपाली चार ओळींचं इंग्रजी पत्र आलं. नाटक हा छंद आहे, त्याला शिस्त नाही, आणि असा अभ्यासक्रम काढलाच तर विद्यार्थी शेवटपर्यंत टिकणार नाहीत. वेलकरांनी पत्र फाईलला लावलं, त्यावर आवक क्रमांक घातला आणि शेरा मारला, 'असहमत. कार्यवाही सुरू.' पुढच्या सोमवारी विभाग सुरू झाला. ज्यांनी आपल्याला नाही म्हटलं त्यांना विद्यार्थी टिकवून दाखवायचे, तेही आपल्या भाषेत, एवढी एकच ईर्ष्या त्या माणसाला होती. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई कुणाची हे दिल्लीला ओरडून सांगायची पाळी आली होती, त्यामुळे चिंचपोकळीत कुणी स्वतःचं एम. ए. काढलं तर ते आम्हाला वेडेपणाचं वाटलं नाही. निदान मला तरी नाही.

प्रवेशाला पदवी लागत नव्हती. परीक्षा मात्र होती. चाळीच्या गॅलरीत दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, हाताचं काय करायचं हे कळेपर्यंत. मी विमा कंपनीतला कारकून, मला तीन प्रयत्न लागले. दादरच्या शाळेत शिकवणाऱ्या कुसुम प्रधान पहिल्याच खेपेस पास झाल्या, कारण वर्ग गप्प बसेपर्यंत उभं राहण्याची त्यांना सवय होती. तिसरा यशवंत परब, लालबागचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा. शिक्षण चौथीपर्यंत, पण गावी दशावतारात नारदापासून राक्षसापर्यंत सगळं करून आलेला. तो अर्धा तास उभा राहिला. वेलकर म्हणाले, "परब, झालं." तो म्हणाला, "होय? माका वाटला अजून सुरूच व्हवचा आसा."

दोन वर्षं, चार सत्रं, आठ पेपर. पहिल्या सत्रात बोलायला बंदी, फक्त ऐकणं, चालणं आणि उभं राहणं. दुसऱ्यात आवाज. तिसऱ्यात उमेदवारी, म्हणजे लालबाग-परळच्या कामगार मंडळींच्या नाटकांना जाऊन पडदा ओढायचा, पेटी उचलायची आणि नट विसरलेली टोपी विंगेतून बरोबर वेळी हातात द्यायची. चौथ्यात प्रबंध आणि शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, त्यासाठी आपणच लिहिलेला दोन माणसांचा प्रवेश. माझा प्रबंध 'प्रेक्षक केव्हा खोकतो' यावर होता. कुसुमताईंचा विषय, 'नाटकातली बाई चहा घेऊनच का येते'. तो वेलकरांनी दोनदा परत केला. पहिल्यांदा पुरावे कमी म्हणून, दुसऱ्यांदा पुरावे फार झाले म्हणून. तिसऱ्यांदा कुसुमताईंनी तो तसाच्या तसा पुन्हा दिला आणि म्हणाल्या, "सर, आता तुम्ही सुधारा." वेलकरांनी मुकाट्याने पहिला वर्ग दिला.

आणि पंचाहत्तर टक्के हजेरी. याबाबत त्यांनी सख्ख्या भावाचंही ऐकलं नसतं. कापड घ्यायला घरच्यांबरोबर हिंदमाताला गेलो म्हणून माझा एक बुधवार बुडाला, तर त्यांनी मला दुकानाची पावती आणायला लावली.

आवाजाचा पेपर चालू असतानाची एक गोष्ट. शहरात जमावबंदी होती. वेलकरांनी आवाजाच्या तालमीला रस्त्यावरची घोषणाच घेतली होती. "झालाच पाहिजे. परब, 'च' शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. घशातून नको, पोटातून." आम्ही तिघं पोटातून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत होतो आणि शेडचे पत्रे थरथरत होते. तेवढ्यात दारात एक हवालदार आणि दोन शिपाई.

"काय चाललंय? पाच माणसं जमायला बंदी आहे, ठाऊक नाही?"

"मोजा," वेलकर म्हणाले.

हवालदाराने मोजलं. आम्ही तिघं आणि विभागप्रमुख. चार. त्याने पुन्हा मोजलं.

"आता तुम्ही आत आलात तर पाचवे," वेलकर म्हणाले. "मग बंदी तुम्ही मोडली असं होईल. बाहेरूनच ऐका. 'च' ऐकू येतो का तेवढं सांगा."

हवालदार आमच्यापैकीच कुणाचा तरी गाववाला असावा. तो उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "बाईंचा येतो. तुमच्या त्या चष्मेवाल्याचा येत नाही." चष्मेवाला मी. वेलकरांनी हा शेरा माझ्या गुणपत्रकात लिहिला.

अशी पावणेदोन वर्षं गेली. चौथं सत्र निम्मं झालं होतं, तेव्हा परब सत्याग्रहात गेला आणि पकडला गेला. शिक्षा झाली तीन महिने. परीक्षा होती दीड महिन्यावर.

आमचं एम. ए. तिथेच संपलं असं मला वाटलं. तिघांतला एक गळाला म्हणजे चार ओळींचं ते इंग्रजी पत्र खरं ठरलं. त्यात गिरणगावातही रोज काही ना काही घडत होतं. कुसुमताईंच्या वडिलांनी त्यांना संध्याकाळी बाहेर पडायला मनाई केली. मला कचेरीत उशीर होऊ लागला, आणि खरं सांगायचं तर मी तो होऊ दिला. चार आठवडे मी चिंचपोकळीला फिरकलो नाही. वेलकर रोज जिन्यात भेटत. त्यांनी मला एकदाही जाब विचारला नाही. हे वाईट लक्षण होतं.

पाचव्या आठवड्यात नळाच्या वेळांशेजारी नवा कागद लागला. 'चौथे सत्र. शनिवार : तुरुंग (खरा). प्रात्यक्षिक परीक्षा. उमेदवार : य. परब.'

मी वरच्या मजल्यावर धावलो. "वेलकर, तुम्ही सरकारी नोकर. सत्याग्रह्याला भेटायला गेलात हे कचेरीत कळलं तर? वर तुम्ही कागद लावून ठेवलाय."

"कचेरीला विचारतोय कोण?" ते टोपी झटकत म्हणाले. "विभागप्रमुख जिथे बसतो तिथे वर्ग. आणि त्या प्रवेशात बापाचं काम तुमचं आहे. पाठ आहे का?"

पाठ होतं. प्रवेश परबनेच लिहिलेला. गावाहून आलेला म्हातारा बाप चळवळीत निघालेल्या मुलाला, गणपतला, परत न्यायला येतो. बरीच बोलाचाली होते आणि शेवटी बाप म्हणतो, 'जा. मी अडवीत नाही.' संपलं.

तुरुंगाच्या दारात मुलाखतीचा फॉर्म होता. कैद्याशी नातं, या रकान्यात वेलकरांनी सुवाच्य अक्षरात 'विभागप्रमुख' लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म परत सरकवला. "फक्त नातेवाईक."

वेलकर थांबले. हा माणूस तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होता. दुसऱ्याने तारीख खोडून लिहिली तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांनी टाक उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मग 'विभागप्रमुख' वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मामा'. माझ्या नावापुढे लिहिलं, 'मामेभाऊ'. एका फॉर्मात वेलकरांना भाचा आणि मुलगा दोन्ही मिळाले. कारकून त्यांच्या काळ्या कोटाकडे आणि फॉर्मवरच्या परब या आडनावाकडे आळीपाळीने बघत राहिला, पण मामाचं आडनाव वेगळंच असतं. शेवटी त्याने शिक्का मारला.

जाळीपलीकडे परब आला. वाळला होता. आमच्यामागे उभ्या असलेल्या शिपायाने त्याला मोठ्याने सांगितलं, "मामा आलेत तुझे." परबने क्षणभरच बघितलं. मग म्हणाला, "मामानू, बरे आसात मां?"

"हजेरी," वेलकर म्हणाले.

"हजर."

"वेळ पंधरा मिनिटं आहे. सुरू करा."

परबने सुरुवात केली. माझं वाक्य आलं आणि माझं तोंड उघडेना. मागे शिपाई, पुढे जाळी, शेजारी कुणाची तरी बायको पदराने डोळे पुसत उभी. दोन वर्षं शिकलेलं सगळं पोटातच राहिलं. वेलकरांनी सवयीने माझ्या कानाशी वाक्य दिलं. त्यांनी परत दिलं. मग तेच वाक्य त्यांनी स्वतः, जाळीकडे बघून, मोठ्याने म्हटलं.

पुढचं सगळं बापाचं काम त्यांनी केलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. चाळीतल्या कुणीच ऐकला नसेल. शेजारच्या बाईने डोळे पुसायचं थांबवून ऐकायला सुरुवात केली. आम्ही शेवटापर्यंत आलो. 'जा. मी अडवीत नाही,' एवढंच बाकी होतं.

ते वाक्य आलं नाही. वेलकर जाळीला बोटं लावून उभे राहिले आणि म्हणाले, "यशवंत, चार आठवडे मी शेड उघडून बसतोय रे. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. कुणी येत नाही. पेंटरसुद्धा घरी जातो. साडेआठ वाजले की मी चटया गुंडाळतो. खोलीवर जाऊन तरी काय करायचं?"

परबचं पहिलं नाव त्यांनी दोन वर्षांत कधी घेतलं नव्हतं, आणि आम्हा कुणाला 'रे' म्हटलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. चार आठवडे मी त्याच चाळीत, त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर, जेवून वेळेवर झोपत होतो.

परब म्हणाला, "सुटलंय काय थेट थंयच येतलंय. दार उघडा ठेवा."

"वेळ झाली," शिपाई म्हणाला, पण जरा उशिराने म्हणाला.

निकाल महिनाअखेर लागला, टाईप करून, तीन प्रतींत. एक फळ्यावर, एक फाईलला, एक त्या शिक्षणसंस्थेला रजिस्टर पोस्टाने. कुसुमताई पहिल्या वर्गात. मी दुसऱ्या, तोही प्रबंधाच्या जोरावर; माझं प्रात्यक्षिक नंतर एका रविवारी दुपारी शेडमध्ये कुसुमताईंबरोबर झालं म्हणून निभावलं. परब पहिला. अनपेक्षित वाक्याला दिलेल्या उत्तराबद्दल प्रसंगावधानाचे दहापैकी दहा. आणि खाली चौथी ओळ. 'सहकलाकार मो. ज. वेलकर. संहितेबाहेर बोलले. अनुत्तीर्ण. पुन्हा बसावे.'

"अहो, हे काय केलंत?" मी म्हटलं. "शंभर टक्के निकाल लागला असता. त्यांच्या तोंडावर फेकायला."

"खोटा निकाल पाठवू?"

"तुरुंगाच्या फॉर्मवर 'मामा' लिहिलंत, तेव्हा खरं-खोटं कुठे गेलं होतं?"

वेलकरांनी फाईलची नाडी बांधली, गाठ दोनदा तपासली. "त्यात खोटं काय होतं?" ते म्हणाले.

परब सुटून आला त्यानंतरच्या सोमवारी आम्ही तिघं उत्तीर्ण उमेदवार सात वाजता चिंचपोकळीला गेलो. राजवाडा ओला होता, म्हणून चटया जंगलात घातल्या. वेलकर टोपी काढून पुढच्या चटईवर बसले. परबने त्यांना आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं.