शनिवारचं दळण

मुसाबाबा जन्मात कुणाशी भांडले नाहीत. अपवाद एकच, टाकीवालीचा. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करून देणारी ही बाई वर्षाकाठी दहिवलीत यायची. "जात्याला टाकीऽऽ" अशी तिची हाक रस्त्याच्या वाकणावर ऐकू आली, की मुसाबाबा हातातला बैल तसाच सोडून आमच्या दारात आडवे उभे राहायचे. "या घरचं जातं बरं हाय. पुढं जा."

जातं आमचं, घर आमचं, भरड भाकरीने कुरकुरणारे दात आमचे. आणि नको म्हणणार शेजारचा तेली. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, नुकतीच घाटावरून इथे नांदायला आलेली. मला वाटलं, या खालच्या मुलखात असाच कायदा असेल. जात्याला टाकी लावायची तर तेल्याला विचारायचं.

तेव्हा मला सगळंच असं वाटायचं. मी फार हुशार मुलगी होते. समजत काही नसे, पण समजूत लगेच करून घ्यायची.

मुसाबाबा तेली होते, पण आमच्या माहेरच्या तेल्यांसारखे नाहीत. त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सासूबाईंनी सांगितलं की ते इस्राएल आहेत. मी विचारलं, हे गाव खोपोलीच्या अलीकडे की पलीकडे? सासूबाई चुलीकडे वळल्या. त्यांच्या लोकांच्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणत, पण ते मुसलमान नव्हते. त्यांच्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, पण घरात देव्हारा नाही. मासे खात, पण खवलं नसलेला मासा दारात आला तरी नाक मुरडत. दाराच्या चौकटीला एक बोटभर नळी ठोकलेली होती, येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवत. मी समजूत करून घेतली की नळीत गूळ असणार. एकदा घरात कुणी नाही असं बघून मीही बोट लावून चाटलं. गूळ नव्हता. धूळ होती.

मुसाबाबा त्यांचे हज्जान. हज्जान म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून प्रार्थना गाणारा. खरी मशीद लांब पनवेलला, म्हणून कर्जत-दहिवलीतली त्यांची मोजकी माणसं शनिवारी मुसाबाबांच्या माजघरात जमत. सणावाराला खालापूर, चौक, लोधिवलीकडचीही आदल्या दिवशी येऊन राहत. ते माजघर आणि आमची दळणाची जागा यांच्यात एक कुडाची भिंत. कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती. अशा भिंतीला कान लावावा लागत नाही, नको असेल तर कान काढून ठेवावा लागतो.

सूर हे मुसाबाबांचं वेड. तांब्या घेतला की बोटाने वाजवून बघणार आणि "हाय, सूर हाय" म्हणून मगच पाणी पिणार. न वाजणाऱ्या तांब्यातलं पाणी त्यांना पचत नसे. गाडी घाट चढायच्या आधी कर्जतला मागून इंजिन जोडतात, त्याची शिट्टी ऐकून म्हणायचे, "चढी हाय. दमणार घाटात." पुढे विजेची इंजिनं आली, तर त्यांच्याकडे ते तोंड फिरवूनच बसले. देवळातली घंटा त्यांना पसंत होती, पण गुरव घाई करतो अशी तक्रार. भजनाची मंडळी तंबोरा लावायला मुसाबाबांना बोलवत. ते ओट्याखाली उभे राहून, डोळे मिटून, "थोडं खाली, अजून थोडं, आता हाय" असं सांगत आणि तंबोरा लागला की घरी जात. भजन चालू झाल्यावर थांबत नसत. "आता तुमचा देव ऐकंल. त्याच्या-तुमच्यात मी कशाला."

ते गात ती भाषा मला एक अक्षर कळायची नाही. मी एकदा अर्थ विचारला. म्हणाले, "सूनबाय, शब्द माज्या आज्याला कुणी शिकवलं, त्याला आणिक कुणी. येता येता वाटंत अर्थ बराचसा सांडला. सूर तेवढा सांडला नाय. मी घडा घेऊन उभा हाय, आत काय ते ज्याचं त्याला ठाव."

मी मान डोलावली. समजूत करून घेतली की हे पाणी भरण्याविषयी काहीतरी आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात माझ्या नणंदेचं बाळंतपण आलं आणि सासूबाई खालापूरला गेल्या. जाताना अंगणात उभ्या राहून बजावलं, "शनिवारी मुसाभाऊंचा देवाचा दिवस. तेल मागायला जाऊ नकोस, हाका मारू नकोस. त्यांना त्रास होईल असं काही करू नकोस."

एवढंच बोलल्या. पण मी हुशार. पहिल्याच शनिवारी पहाटे जात्यापाशी बसले आणि मनात आलं, अरे, पलीकडे बिचारे प्रार्थनेला उभे राहणार आणि अलीकडे आपलं हे घरघर घरघर! मी खुंटा सोडला. तेव्हापासून शनिवारचं दळण शुक्रवारीच दळून टाकू लागले. आपल्याला किती समज आहे, या विचाराने त्या सकाळी मी स्वतःलाच दोनदा आरशात बघितलं.

त्या शनिवारी मुसाबाबांचं गाणं बिघडलं. सुरुवात एवढी खाली लागली की मध्येच आवाज जमिनीत गेला. पुढच्या शनिवारी एवढी वर, की आमची कोंबडी खुराड्यात ओरडली. मागून म्हणणारे कधी वर जात, कधी खाली, आणि शेवटी आपापल्या उंचीवर थांबत. मला वाटलं पावसाळी हवेने घसा धरला असेल. मी कुंपणावरून सुंठ पाठवली.

मग शुक्रवारी संध्याकाळी मुसाबाबा कुंपणाशी घुटमळू लागले.

"सूनबाय, उद्या पाव्हणं येणार वाटतं तुमच्याकडं?"

नाही, मी म्हटलं.

"येतील, येतील. पीठ हाय ना घरात?"

मी अभिमानाने सांगितलं की आजच सगळं दळून ठेवलंय. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यावर रात्रभर विचार केला आणि उत्तर काढलं: एकटा माणूस, बायको गेलेली, शनिवारी चूल पेटवत नाहीत. त्यांना भाकरी हवी आहे, मागायला लाजतात. सकाळी चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. त्यांनी घेतल्या, डोक्याला लावल्या. दुपारी मी बघितलं तर त्यांचा बैल त्या खात होता.

पुढच्या शुक्रवारी म्हणाले, "पीठ कसं, ज्या दिवसाचं त्या दिवशी गोड लागतं."

भाकरी शिळ्या पिठाची लागली म्हणायची! मला राग आला. पण मी मनाने मोठी. त्या शुक्रवारी निजायच्या आधी ताजं दळलं, शनिवारी सहा भाकऱ्या पाठवल्या. बैल त्या महिन्यात चांगला दिसू लागला. मुसाबाबा मात्र वाळत चालले.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, म्हातारा आहे, बोलत असेल काही. आमच्या घरात अक्कल सासूबाईंकडे होती आणि ती खालापूरला होती.

मुसाबाबांचा पुतण्या दानियल कर्जतला रेल्वेत फिटर होता. चांगला मुलगा, काकांचा घाणा मोडला तर दुरुस्त करून देणारा. एका शनिवारी सगळे गेल्यावर तो मागे थांबला आणि कुडापलीकडून मी ऐकलं. त्याने फार हळू सांगितलं की मंडळी कुरकुरताहेत. दरफाळणीचा सण जवळ आलाय, बाहेरगावची माणसं येतील. तेव्हा नीट झालं तर झालं. नाहीतर पुढच्या वर्षापासून सगळ्यांनी सणाला पनवेललाच जायचं, असं ठरतंय.

"काका, तुमीबी चला की. मागं आरामात बसा."

मुसाबाबा म्हणाले, "मागं बसून मी काय करू रं? मला पुढचं तोंडच ठाव हाय."

दरफाळणी म्हणजे त्यांचा सगळ्यांत मोठा उपवास. दारं लावून घेतात, पांढरे कपडे घालतात, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्यांशी बोलणं नाही, सगळा दिवस प्रार्थना. आदल्या दुपारी सासूबाई खालापूरहून परतल्या. त्या आल्या आणि शेजारची दारं लागली. मी अजून या सणाची नवखी. मला वाटलं, सासूबाईंना बघून लावली.

संध्याकाळी पलीकडे मुसाबाबांनी सुरुवात केली. वर लागली. थांबले. पुन्हा केली. फाटली. माजघरात कुणीतरी खोकलं, कुणीतरी पाय बदलला. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली ती इतक्या लहान आवाजात की सूर आहे की नाही हेच कळेना. सासूबाई पान वाढता वाढता हातात पळी घेऊन उभ्या राहिल्या.

"हे असं कधीपासून?"

मी म्हटलं, तुम्ही गेल्यापासून. घसा धरलाय. सुंठ दिली, भाकऱ्याही देते.

पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. "दळायला बस."

मी म्हटलं, आत्याबाई, आज त्यांचा सण. मी तर शनिवारीसुद्धा दळत नाही. आवाजाचा त्रास होतो ना त्यांना.

सासूबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. एखाद्या वासराने शिंक्यावरचं दूध कसं सांडलं असेल, असं बघितलं. मग जात्याशेजारी बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या.

हे जातं आमचं नव्हतंच. मुसाबाबांच्या बायकोचं, सिपोराचं. ती दळताना जात्याच्या सुरात गुणगुणायची. इतकी वर्षं, की जातं थांबलं तरी तोच सूर तिच्या गळ्यात राहायचा. शनिवारी तिचं जातं बंद. पण माजघरात मुसाबाबा उभे राहिले, की ती आतल्या दाराआडून एकदाच, अगदी हलकं, हूं करायची. त्यावर ते उचलायचे. मंडळींना वाटायचं, केवढा सुरेल हज्जान. ती गेली आणि दोन शनिवार यांचं गाणं असंच बिघडलं. मग एके दिवशी मुसाबाबा जातं स्वतः उचलून आमच्याकडे घेऊन आले. एकट्याला काय करायचंय, तुमी वापरा, म्हणाले. गावाला वाटलं, बिचारा आठवण नको म्हणून देऊन टाकतोय.

"अगं, त्याच्या घरात राहिलं असतं तर शनिवारी फिरलंच नसतं, मग तोंड उघडता आलं असतं का त्याला? आपल्याकडे शनिवार नाही."

मी विचारलं, हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?

"कसं सांगेल? त्या दिवशी स्वतः काम करायचं नाही, दुसऱ्याला लावायचंही नाही. मीही विचारलं नाही. शनिवारी पहाटे दळते आणि टाकी लावू देत नाही, दगडाचा सूर बदलेल म्हणून, बस." मग म्हणाल्या, "आणि तू बैलाला भाकऱ्या घालत होतीस."

पलीकडे माणसं उठल्याची कुजबुज सुरू झाली. मी मूठभर नाचणी टाकली आणि खुंटा धरला. जातं आधी कुरकुरलं, अडलं. सासूबाईंनी समोरून हात लावला. मग तो दगड लागला. घूंऽऽ असा, खालचा, गोल.

भिंतीपलीकडे सगळं शांत झालं. आणि त्या आवाजाच्या आतूनच आल्यासारखा मुसाबाबांचा आवाज वर आला. कुठे जोडलं गेलं ते कळलं नाही. मग दानियल, मग बाकीचे, सगळे एका उंचीवर. मी दळत राहिले. नाचणी संपली, तांदूळ टाकले, तांदूळ संपले तेव्हा सासूबाईंनी खडेमीठ ओतलं. तिन्हीसांजेला दळू नये म्हणतात. त्या दिवशी दारं उघडायच्या वेळेला, मुसाबाबांचा गळा उपवासाने पार कोरडा पडला असताना, सासूबाई स्वतः पुन्हा जात्यावर बसल्या. पनवेलला जायचं कुणी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुसाबाबा पुऱ्यांची पत्रावळ घेऊन आले. ती ओट्यावर ठेवली आणि आढ्याकडे बघत मला विचारलं, "काल पाव्हणं आलंवतं वाटतं?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला.

"हो बाबा," मी म्हटलं. "पुष्कळ आले."

"जेवलं?"

"पोटभर."

ते मान हलवत राहिले. डोळे टिपले, की घाम पुसला, ते मला नीट कळलं नाही. "हाय," म्हणाले. "सूर हाय."

पुढे कर्जतला पिठाची चक्की आली आणि गावातली जाती अंगणात पालथी पडली. आमचं शनिवारी पहाटे मूठभर नाचणीसाठी फिरायचं. संध्याकाळी कुंपणावरून तोच प्रश्न यायचा, पाव्हणं आलंवतं? त्याला मी तेच उत्तर द्यायची. इतकी वर्षं आम्ही दोघं खोटं बोललो, आणि कुणाच्या देवाने काही म्हटलं नाही. बरोबर होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

मुसाबाबा उन्हाळ्यात गेले. पुढच्या शनिवारी मी सवयीने बसले, दळलं, आणि दगड थांबवून बराच वेळ कुडाकडे बघत राहिले.

त्या वर्षीही टाकीवाली आली. आता जातं अगदीच गुळगुळीत झालं होतं, पीठ म्हणजे नुसती कणी. नवरा म्हणाला, घे बाई एकदाचं लावून, दात राहिलेत थोडे. वाकणावर हाक ऐकू आली. मी हातातलं टाकून बाहेर आले आणि ती दाराशी पोचायच्या आत आडवी उभी राहिले.

"या घरचं जातं बरं हाय," मी म्हटलं. "पुढं जा."