धनेशाची चोच आणि साळूची कोरी ओळ

एका जंगलात, मुलांनो, हिवाळ्यातही पाऊस पडायचा. हवामान खात्याने तसा इशारा कधीच दिला नाही. ते खातं बेडकाकडे होतं आणि बेडूक हिवाळाभर झोपायचा.

गार वारा सुटला, झिमझिम सुरू झाली, की टिटवी ओरडायची. मग सगळी जनावरं माळावर येऊन एका रांगेत उभी राहायची. पुढच्याची शेपटी मागच्याने तोंडात धरायची. कोणाच्या मागे कोण, हे पणजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. खेकड्याला शेपूट नाही. त्याने नांगी द्यायची आणि ती मिटणार नाही अशी शपथ घ्यायची.

रांग झाली की ती आपोआप गुंडाळू लागायची. मांजर, ससा, वानर असे पाण्याला भिणारे आत घुसायचे. म्हैस, पाणमांजर, बदक बाहेरच राहायचे. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. वेटोळ्यावर वेटोळं पडत जायचं आणि शेवटी सगळ्या जंगलाची एक मोट बांधली जायची. मोटेच्या मधोमध थोडी मोकळी जागा राहायची. तिथे सगळ्यांची पिल्लं उबेत झोपायची. वाघमहाराज मोटेत येत नसत, त्यांना गुहा होती. पण गुहा गळायची, म्हणून राजपुत्रही पिल्लांतच.

या मोटेत साळू होती. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. तिने भेकराची शेपटी धरायची आणि तिची शेपटी कासवाने. कासवाला दात नाहीत आणि तक्रारही नाही, म्हणून ते काम त्याच्याकडे होतं. साळूची जागा नेमकी मधे यायची. "सांभाळून हं, टोचेल," असं ती आल्यागेल्याला सांगायची. सगळे तिच्यापासून पोट आत ओढून उभे राहायचे.

तरी साळूला हे पावसाचे दिवस फार आवडायचे. एरवी तिच्या शेजारी कोण बसणार? मोटेत निदान चारी बाजूंनी कोणीतरी घोरत असायचं. पायाशी तिची लेक टाचणी झोपलेली असायची. साळूला वाटायचं, आपणही चारचौघांतल्याच आहोत.

आणि मग डॉक्टर धनेश परत आला.

धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. तो शिकायला दूर गेला होता. म्हणजे काय, तर माणसांच्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीत बसला होता. परत आल्यावर त्याने दरबारात व्याख्यान दिलं.

"महाराज, माणसांच्या अंगात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे एक लांब माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ही माळ गुंडाळून बसते. माळेत लांब असलेले मणी गुंडाळीत एकमेकांजवळ येतात. कोण कोणाच्या जवळ आलं, हे ती माणसं मोजतात. त्याला संपर्काचं विश्लेषण म्हणतात. त्यावरून गुंडाळी कशी टिकते ते कळतं."

"आमची मोटसुद्धा गुंडाळीच की!" वाघमहाराज म्हणाले.

"म्हणून तर आलो."

एक गोष्ट मात्र धनेशाने सांगितली नाही. पुढे ती माणसं प्रथिनातल्या एका पोकळीबद्दल बराच वेळ बोलत होती. खरं काम तिथेच चालतं, असं काहीसं. पण तेवढ्यात समोरच्या उंबराला फळं लागली आणि धनेशाचा उरलेला अभ्यासक्रम उंबरावर झाला.

पुढच्या पावसात मोट बांधली गेली आणि धनेश मोजायला आला. उंटावरचा शहाणा तुम्ही ऐकला असेल, हा फांदीवरचा होता. त्याचा नियम असा: दोन जनावरं चोचभर अंतराच्या आत असली तर संपर्क आहे. एवढंसं जरी जास्त असलं तरी संपर्क नाही.

"चोचच का?" मुंगसाने नंतर विचारलं. "दीड चोच का नाही?"

"माझ्याकडे एकच आहे," धनेश म्हणाला.

जनावरं श्वास घेत होती, त्यामुळे माप हलत होतं. धनेश ओरडला, "श्वास रोखा! शास्त्र चाललंय!" सगळ्यांनी श्वास रोखला. एक घोरपड बेशुद्ध पडली, पण तिचं माप फार सुबक आलं.

पाऊस थांबल्यावर धनेशाने गुहेसमोरच्या अंगणात मोठा चौकोन काढला. वरच्या कडेला सगळ्यांची नावं, डाव्या कडेला पुन्हा सगळ्यांची नावं. जिथे दोघांचा संपर्क तिथे ठिपका. ससा मांजराला लागला तो एक ठिपका, मांजर सशाला लागलं तो दुसरा. धनेशाने दोन्ही शोध स्वतःच्या नावावर घेतले.

जनावरं आपापली ओळ शोधू लागली. वानर चिडला.

"डॉक्टर, माझ्या ओळीत आमच्या हिच्यापुढे ठिपका नाही!"

"रांगेतले शेजारी धरत नाहीत. ते जवळ असतातच."

"अहो, लग्न झाल्यापासून मी हिची शेपटी तोंडात धरतोय!"

"म्हणूनच."

वानरीण म्हणाली, "ऐकलंत? शास्त्रालासुद्धा आपल्यात काही दिसत नाही."

अस्वलअण्णांच्या ओळीत मात्र कांजिण्या आल्यासारखे ठिपके होते. ते जंगलात सगळ्यांत जाड होते, कुठेही वळले तरी कोणीतरी लागायचंच. पण धनेशाने त्यांना मोटेचं केंद्र म्हणून जाहीर केलं. त्या दिवसापासून अण्णा सावकाश चालू लागले आणि कोणी हाक मारली की आधी आकाशाकडे बघू लागले.

साळूची ओळ कोरी होती.

भेकर आणि कासव शेजारी, म्हणून ते धरायचे नव्हते. पिल्लं तर मोजणीतच नव्हती. बाकी कोणी तिच्या चोचभर जवळ आलंच नव्हतं. साळू पुन्हा पुन्हा ओळ बघत राहिली. एक माशी येऊन त्या ओळीत बसली. साळूला क्षणभर बरं वाटलं. मग माशी उडाली.

"आई, आपला ठिपका कुठाय?" टाचणीने विचारलं.

"राहिला असेल गं लावायचा," साळू म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती लाज गुंडाळून अस्वलअण्णांकडे गेली. "अण्णा, पुढच्या खेपेला मला जरा तुम्हाला टेकून उभं राहू द्याल? एकच ठिपका हवाय."

"ये की," अण्णा म्हणाले. "मोठ्यांनी लहानांना हात द्यायचा असतो."

साळू टेकली. अण्णांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून टिटवी पाऊस आला समजून ओरडली आणि निम्मं जंगल ऊन असताना रांगेत उभं राहिलं. त्यानंतर साळू दिसली की लोक लांबूनच नमस्कार करू लागले.

मग निकाल लागला.

"महाराज," धनेश म्हणाला, "साळिंदराचा कोणाशी संपर्क नाही. शिवाय तिच्यामुळे मधे पोकळी राहते. एवढी जागा वाया! तिला काढलं की मोट घट्ट बसेल आणि संपर्क दुप्पट होतील."

"दुप्पट?" वाघमहाराजांना दुप्पट हा शब्द फार आवडायचा. "काढा."

"महाराज, मग मी पावसात कुठे जाऊ?" साळू म्हणाली. "माझी लेक लहान आहे."

"तुला काटे आहेत की," महाराज म्हणाले.

काट्यांनी थंडी कशी जाते ते महाराजांनी सांगितलं नाही. जी आई मोटेत नाही तिचं पिल्लूही आत नाही, असा नियम होता. राजपुत्राला तो लागू नव्हता. साळू टाचणीला घेऊन माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली जाऊन बसली.

आणि पाऊस आला. चांगला टपोरा, वाऱ्यासकट.

कासवाने भेकराची शेपटी धरली. रांग गुंडाळली. आज कोणाला पोट आत ओढायचं कारण नव्हतं. सगळे एकमेकांत असे रुतून बसले की मुंगीलाही आत शिरता येईना. धनेशाला चोच घालायलासुद्धा फट सापडेना. तो आनंदाने फांदीवर नाचू लागला. "दुप्पट! अडीचपट!"

मोट खरंच छान झाली होती. फक्त पिल्लं बाहेर राहिली होती.

त्यांनी म्हशीच्या पायांतून शिरून पाहिलं, आत जागाच नव्हती. ती भिजून कुडकुडली. थोडा वेळ रडली. मग त्यांना पलीकडे जाळीखाली काटे दिसले. मोटेत झोपताना त्यांना वर हेच काटे दिसायचे. त्यांच्या लेखी छप्पर म्हणजे साळू. सगळी पिल्लं तिकडे पळाली, सगळ्यांत पुढे राजपुत्र.

"सांभाळून हं, टोचेल," साळू म्हणाली आणि पोट आत ओढून तिने जागा केली.

पिल्लांचं रडणं थांबलं, तशा मोटेतल्या आया घाबरल्या. आईला रडण्याची भीती वाटत नाही, ते थांबण्याची वाटते. सशीण सुटली. वानरिणीने शेपटी नवऱ्याच्या तोंडातून हिसकली. एकेक करत सगळी मोट उसवली आणि जाळीपाशी जमली. साळूपासून पोट आत ओढत, शेपट्या धरत, तिच्याभोवती पुन्हा गुंडाळी बसली. पिल्लं मधे राहिली. माळावर केंद्र तेवढं एकटं भिजत उभं होतं.

वाघमहाराज धावत आले. राजपुत्र साळूच्या काट्यांखाली गाढ झोपला होता. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस होता म्हणून दिसलं नाही.

"डॉक्टर, पुन्हा मोजा," ते म्हणाले.

धनेशाने मोजलं. साळूचे संपर्क तेव्हाही शून्य होते, आताही शून्य. त्याने डोळे मिटले, उंबराची फळं आठवली आणि त्याला नवा सिद्धांत सुचला.

"महाराज, मोठा शोध लागला! मोट टिकते ती शून्य संपर्कामुळे. ज्याचे संपर्क शून्य तोच सर्वश्रेष्ठ!"

लगेच हुकूम निघाला. इथून पुढे प्रत्येकाने प्रत्येकापासून चोचभरापेक्षा लांब उभं राहायचं. आणि साळूबाईंचा सन्मान म्हणून त्यांनी माळाच्या मधल्या उंच खडकावर, सगळ्यांपासून दूर, एकटीने उभं राहायचं. तिला हार घालण्यात आला. तो काट्यांत अडकून तिथेच राहिला.

"मला मोटेतली माझी जुनी जागा द्या," साळू म्हणत होती. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

पुन्हा पाऊस आला. सगळं जंगल चोचचोचभर अंतर सोडून, फार सुसंस्कृतपणे, दात वाजवत उभं राहिलं.

खडकावर टाचणी म्हणाली, "आई, आपण परत बाहेरच का?"

"मागच्या वेळी अपमानाने होतो, बाळा. आता मानाने आहोत."

"मानाने थंडी कमी वाजते?"

तेवढ्यात खडकावर नखं खरवडल्याचा आवाज आला. राजपुत्र चढत होता. त्याच्या मागे ससुल्या, त्याच्या मागे वानराची दोन्ही पोरं. त्यांना हुकूम वाचता येत नव्हता. ती साळूच्या पोटाशी येऊन बसली.

धनेश वरून झेपावला. हा किती अंतराचा संपर्क, ते बघायला त्याने चोच पुढे केली.

साळूने आयुष्यात पहिल्यांदा सगळे काटे एकदम उभे केले.

धनेशाने चोच मागे घेतली. त्या दिवशीचं माप त्याने अंदाजे लिहिलं.

तात्पर्य: मुलांनो, ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं त्याने आणखी उपयोगी पडत बसू नये. वेळेवर कुणाला तरी टेकून आपले दोन ठिपके मिळवावेत. तेही जमत नसेल तर लांब चोच असलेल्याशी सलगी ठेवावी. ती एकच सलगी चोचीने मोजावी लागत नाही, ठिपके तसेच मिळतात.