निमकर सर आणि बिनउंबऱ्याचं दार

निमकर सर लग्नाला जातानासुद्धा काखेत फळी घेऊन जायचे. आहेराचं पाकीट घरी राहायचं, फळी कधी राहिली नाही. जाड प्लायवूडची, माणसाच्या उंचीची, दोन्ही टोकांना पत्रा ठोकलेली. हॉलच्या पायऱ्या दिसल्या की सर ती फळी वर टाकायचे, दोन पावलं मागे सरकायचे आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "ही पायरी कोणी मागितली होती?"

मालक गोंधळायचा. पायरी काय कोणी मागतं?

"तेच म्हणतोय! कोणी मागितली नाही तरी घातलीत. आणि व्हीलचेअरवाला उतार मागतो, तेव्हा म्हणे बजेट नाही!"

एकदा मी चुकून त्या फळीवरून चढलो. फळी कुरकुरली. सरांनी धावत येऊन विचारपूस केली, ती फळीची.

सर बी.एड. कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. अपंग मुलं वेगळ्या शाळेत नाही, सगळ्यांबरोबर एकाच वर्गात बसली पाहिजेत, हे त्यांनी भावी शिक्षकांना जन्मभर शिकवलं. नवघरच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे. मी वरच्या मजल्यावर, आणि सोसायटीचा सेक्रेटरी. निवडीच्या सभेत मला डुलकी लागली होती, जागा झालो तर टाळ्या वाजत होत्या.

आमच्या बिल्डिंगमागच्या चाळीत कुंदाताई राहायच्या. मासळी विकायच्या. त्यांची सायली व्हीलचेअरवर. जवळच्याच शाळेत ती चौथीपर्यंत शिकली, वर्गात पहिल्या पाचांत यायची. चौथीचा निकाल लागला आणि शाळेनं सांगितलं, दाखला घेऊन जा. का? तर पाचवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो!

मला आजही हे लिहिताना रक्त तापल्यासारखं होतं, आणि मी तसा ब्लडप्रेशरची गोळी घेणारा माणूस आहे.

सर, कुंदाताई आणि मी, तिघं शाळेत गेलो. मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या.

"सर, आमची पूर्ण सिम्पथी आहे."

"सिम्पथी राहू द्या. वर्ग खाली आणा."

"असं कसं? पाचवी नेहमी वरच असते."

"का? तिथं उगवते?"

"बाकीचे पॅरेंट्स ऑब्जेक्शन घेतील. आणि हिच्यासाठी स्पेशल शाळा असतात ना. तिथं तिला बरं वाटेल, तिच्यासारखीच मुलं..."

कुंदाताई पदर खोचून पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरीच्या पायात जोर न्हाय, डोक्यात हाय. तुमी शिकवता कुठं, पायात?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तेवढ्यात सर उठले आणि शेजारच्या खोलीत डोकावले. खोली मोठी, हवेशीर, तळमजल्याची. आत काचेची कपाटं आणि त्यांत ट्रॉफ्या.

"या का खाली ठेवल्यात?"

"पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून."

"मला वाटलं, त्यांना जिने चढता येत नाहीत म्हणून," सर म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "ट्रॉफ्यांना खाली खोली, आणि पोरीला दाखला? शरम वाटत नाही?"

मी सरांची बाही ओढत होतो. ती बाही माझ्या हातात राहील असं वाटल्यावर सोडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा सर रोज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सायलीला घेऊन बसू लागले. फळी दोन स्टुलांवर टाकून टेबल. पाचवीचंच पुस्तक, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना स्वतःचं ऐकू येईना. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत खाली यायच्या आणि घंटा झाली तरी वर जायच्या नाहीत. मग ज्यांनी ऑब्जेक्शन घ्यायचं त्या आयाच मॅडमना विचारू लागल्या, अहो, ती खोली नुसतीच का ठेवलीय?

शेवटी ट्रॉफ्या वर गेल्या आणि पाचवी खाली आली. शिपाई त्या नेत असताना सर जिन्याखाली उभे. "सांभाळून हं. त्यांना चालता येत नाही."

पुढची सगळी वर्षं सायली संध्याकाळी अभ्यासाला सरांकडे यायची. चाळीतून गल्ली, गल्लीतून थेट सरांचा हॉल. कारण सरांच्या दाराला उंबराच नव्हता. आमच्याकडे पाणी तुंबायला लागल्यापासून तळमजल्यावरच्या प्रत्येकानं दारात गुडघाभर विटांचा बांध घातला होता, त्यावर लाद्यासुद्धा बसवल्या. सरांना मी सेक्रेटरी या नात्यानं नोटीस दिली. त्यांनी ती लाल पेनानं तपासून परत पाठवली, दहापैकी चार.

दहावी झाली, सायली पुण्याला कॉलेजात गेली. हॉस्टेलवर राहायची, दिवाळीला यायची.

पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा पाणी भरलं. सगळ्यांच्या बांधांनी ते अडवलं, आणि अडलेलं सगळं सरांच्या घरात गेलं. मी धावत खाली आलो. सर लुंगी वर खोचून कॉटवर उभे, डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा. खाली राहिलेल्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या होड्या झाल्या होत्या. मला बघून म्हणाले, "चपला बाहेर काढा."

मी चिडलोच. "सर, पुरे झालं आता! उद्या मी गवंडी पाठवतो. घाला एक बांध. ती आता दिवाळीलाच येते. पाणी दरवर्षी येतं!"

सर कॉटवरून खाली पाण्यात उतरले. मला वाटलं, पहिल्यांदाच आपण वादात जिंकलो. त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला, चष्मा लुंगीच्या टोकानं पुसला. लुंगी ओली, चष्मा आणखी ओला झाला.

"पाणी न विचारता येतं हो," ते हळू म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तिला कुठंही जायचं तर आधी फोन करून विचारावं लागतं, पायऱ्या किती, कोणी उचलायला आहे का. एक दार असू दे, जिथं विचारावं लागणार नाही."

मग दाराकडे बघत राहिले. बाहेर गल्लीत कोणीच नव्हतं.

मी गठ्ठा वर आमच्या घरी ठेवून आलो आणि येताना दोन बादल्या आणल्या.