ओटीवरचा इंटरव्ह्यू

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या मुलाखतीला मी बूट दाराबाहेर काढून आत गेलो.

दोष माझाच होता, पण त्यातला निम्मा वाटा बापूसाहेब टिपणिसांना द्यायला हवा. तो त्यांनी स्वतःच पुढे होऊन मागून घेतला, ते ओघात येईलच.

बापूसाहेब आमचे शेजारी. नौपाड्यात आमच्या कुंपणाला लागून त्यांचं बैठं घर होतं. तीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये काढून, देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला ते पेन्शनीत निघाले. पेन्शनीत निघालेली माणसं बागकाम करतात, भजनाला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. बापूसाहेबांना बाग नव्हती, गळा नव्हता आणि मूलबाळ नसल्यामुळे सूनही नव्हती. त्यांनी मुलाखती घ्यायला सुरुवात केली.

सुरुवात गवळ्यापासून झाली. नवा गवळी दूध घालायला आला, तर बापूसाहेबांनी त्याला ओटीवर उभा केला.

"नाव?"

"कान्हा भोईर."

"पूर्वीचा अनुभव?"

"कोनचा?"

"यापूर्वी दूध कुठे घालत होता? ती जागा का सोडली? सोडली, की सोडायला लावली?"

"सायेब, दूध नासंल ना!" असं म्हणून कान्हाने चरवी खाली ठेवली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराने बापूसाहेबांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना गाठलं. तरी बापूसाहेबांनी शेरा मारलाच, "उमेदवार हुशार आहे, पण बोर्डापुढे घाई करतो."

बोर्ड हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा उच्चारत. "बोर्ड म्हणजे बोर्ड!" हे त्यांचं पालुपद. त्याचा अर्थ काय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. हळूहळू नौपाड्यातली नोकरी शोधणारी मुलं त्यांच्याकडे यायला लागली आणि त्यांच्या ओटीवर रोज संध्याकाळी बोर्ड भरायला लागलं. मध्ये टेबल. टेबलामागे काळा कोट आणि टोपी घालून बापूसाहेब, खाली धोतर. शेजारच्या पाटावर दुसऱ्या मेंबर म्हणजे काकू. काकूंच्या पुढ्यात मोड आलेल्या वालांची परात.

तर अशा या बोर्डापुढे मी सलग दोन महिने रोज हजर होत होतो. दोन कचेऱ्यांनी मला आधीच नापास केलं होतं. चार महिन्यांत मला पंचवीस पुरी होणार होती आणि पंचविशीनंतर सरकारी नोकरीचं दार बंद. वडील शाळामास्तर, ते त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते. धाकट्या दोघी बहिणी शिकत होत्या. त्यातून दप्तरखान्यातल्या कारकुनाच्या एका जागेसाठी बोलावणं आलं. ही गेली की मी कायमचा घरी.

वडील म्हणाले, "बापूसाहेबांकडे जा. ते सांगतील तसं कर. स्वतःचं डोकं चालवू नकोस, दोनदा चालवून बघितलंस."

बापूसाहेबांचे नियम पक्के होते. आत येताना परवानगी मागायची. तीन पावलं टाकायची, चौथं टाकायचं नाही. 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही. "नजर कुठे? डोळ्यांत बघितलंत तर उद्धट. जमिनीकडे बघितलंत तर चोर. मधल्या साहेबाच्या टायच्या गाठीकडे बघायचं. गाठ कधी रागावत नाही."

हातांचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अकलेने सोडवला होता. "उमेदवाराचे हात मोकळे राहिले की तो नाक खाजवतो," असं त्यांचं निरीक्षण. म्हणून समोर बसणाऱ्याच्या मांडीवर ते वालांची वाटी ठेवत. वाल सोलत उत्तरं द्यायची. वाल चिरडला तर मन अस्वस्थ, सालासकट पडला तर लक्ष नाही. मला टिपणिसांच्या घरी रोज वालांचं बिरडं कसं होतं याचं कोडं बऱ्याच दिवसांपासून होतं. ते त्या दोन महिन्यांत सुटलं.

"मिस्टर सबनीस," बापूसाहेब विचारत. एरवी मी त्यांचा मध्या, पण बोर्डापुढे मिस्टर सबनीस. "तुम्हाला सरकारी नोकरी कशासाठी हवी?"

"हिज मॅजेस्टीच्या सरकारची इमानेइतबारे सेवा करण्यासाठी, सर."

"अहो, ते गेले," काकू पाटावरून म्हणत.

"कोण गेले?"

"मॅजेस्टी. केव्हाच गेले. आता आपलंच आहे."

बापूसाहेब टोपी सारखी करत. "बरं, मग इमानेइतबारे एवढंच ठेवा. मेंबरबाई, आपला प्रश्न?"

काकूंचा प्रश्न रोज एकच. "दुपारी जेवलास का रे?"

आणि काकूंचा नियमही एकच. ओटी शेणाने सारवलेली असायची, तिच्यावर वहाण चढवायची नाही. परीक्षेचा सराव बूट घालूनच झाला पाहिजे, असं बापूसाहेबांनी एकदा मांडून पाहिलं. "मग त्या बोर्डानेच सारवावं," असं उत्तर आल्यावर तो ठराव बारगळला. मी रोज पायरीशी वहाणा काढायचो. काकूंना आवडायच्या तशा, जोडीने, भिंतीला लावून, टोकं बाहेर. मग "मे आय कम इन, सर?" आणि तीन पावलं. साठ दिवस. साठ वेळा.

मुलाखतीच्या दिवशी ठाण्यातल्या त्या कचेरीत बापूसाहेब माझ्याबरोबर आले. माझ्या पायांत डोंबिवलीच्या मेव्हण्यांचे बूट होते. ते मला दोन नंबर मोठे, त्यामुळे माझ्या मागून कोणीतरी चालतंय असा भास मला सारखा होत होता. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. दारावरचा म्हातारा शिपाई गणपत हा बापूसाहेबांच्या वेळचा. त्याने सलाम केला, पण बापूसाहेबांचं लक्ष नव्हतं. ते त्या बंद दाराकडे बघत होते आणि घाम पुसत होते. मला वाटलं, माझ्या काळजीने.

"मध्या, बोर्ड म्हणजे बोर्ड," ते कसंबसं म्हणाले.

"मधुकर सबनीस!" गणपतने पुकारा केला.

मी उठलो. दाराशी पोचलो. समोर उंबरठा दिसला. यापुढचं मी केलं नाही, माझ्या पायांनी केलं. बूट सैलच होते, नाडीही सोडावी लागली नाही. मी ते जोडीने, भिंतीला लावून, टोकं बाहेर करून ठेवले, "मे आय कम इन, सर?" म्हटलं आणि आत शिरून तीन पावलं टाकली.

तिसऱ्या पावलाला फरशी गार लागली.

सारवलेली ओटी अशी गार लागत नाही, एवढाच विचार डोक्यात आला. टायची गाठ शोधायला वर बघितलं, तर मधले साहेब खादीचा सदरा आणि टोपी घालून बसलेले. डावीकडे बंद गळ्याचा कोट, उजवीकडे जाड भिंगांचा चष्मा. तिघांत मिळून एक गाठ नाही. नजर कुठे ठेवायची ते सुचेना म्हणून मी ती खाली घातली, आणि तेव्हा मला माझा उजवा अंगठा दिसला. मोज्याच्या भोकातून तो बाहेर आला होता आणि बोर्डाकडे बघत होता.

"बसा," खादीवाले म्हणाले.

मी बसलो आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"दप्तरखान्यातच काम करावं असं तुम्हाला का वाटतं?"

मी उत्तर देत होतो. काय देत होतो ते मला आजही आठवत नाही. चष्मेवाले साहेब उत्तर ऐकायचं सोडून माझ्या मांडीकडे बघत होते. मीही बघितलं. माझी बोटं हवेत वाल सोलत होती.

"हाताला काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

इतक्यात मागचं दार वाजलं. मी वळून बघितलं. दारात बापूसाहेब उभे. मेव्हण्यांचे बूट त्यांनी दोन्ही हातांत छातीशी धरले होते, देवळातून प्रसाद आणावा तसे. त्यांनी परवानगी मागितली नाही. पावलं मोजली नाहीत. थेट टेबलापर्यंत आले, टोपी एका कानावर घसरलेली.

"आपण कोण?" खादीवाल्यांनी विचारलं.

संपूर्ण नाव, हुद्दा, सेवेची वर्षं. हे उत्तर बापूसाहेबांनी आम्हा पंचवीस-तीस मुलांकडून घोकून घेतलं होतं.

"मी शेजारचा," बापूसाहेब म्हणाले.

"मग इथे काय?"

"साहेब, याचे बूट. हा बाहेर काढून आला." त्यांनी बूट थोडे वर धरून दाखवले. "चूक त्याची नाही. याची तयारी मी घेतली, घरी. आमच्या घरात वहाण घालून येऊ देत नाहीत. मुलगा शिकवलेलं तसंच्या तसं करतो. दुसरा काही गुण त्याच्यात आहे असं मला दिसलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण तीस वर्षं मी दप्तर सांभाळलंय, साहेब. काढलेला कागद परत जागच्या जागी ठेवणारा माणूस मला तीस वर्षांत मिळाला नाही. हे बूट बाहेर कसे ठेवले होते ते गणपतला विचारा. जोडीने, भिंतीला लावून. स्वतःवर एवढा प्रसंग आलेला असताना!"

मग चष्मेवाल्यांनी खरोखरच गणपतला आत बोलावून विचारलं.

"व्हय साहेब," गणपत म्हणाला. "टोकं भायेर."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बंद गळ्याचा कोट खोकल्याचं निमित्त करून हसला. खादीवाले मला म्हणाले, "बूट घाला आता. आणि या आजोबांना पाणी द्या कोणीतरी."

बाहेर येऊन बापूसाहेब बाकावर बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. तीन पेले पाणी प्यायले. गणपत त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा बघून नुसताच मान हलवत होता.

नोकरी मला मिळाली. हुकूम हातात पडला त्या दिवशी मी पेढे घेऊन टिपणिसांकडे गेलो. बापूसाहेब मंडईत गेले होते. काकू वाल सोलत होत्या. मी त्यांना झालेली हकिकत तिखटमीठ लावून सांगायला लागलो. बापूसाहेब बूट घेऊन आत आले, इथपर्यंत आलो आणि काकूंचे हात थांबले.

"कोण आत गेलं?"

"बापूसाहेब."

"उंबरठ्याच्या आत? बोर्डापुढे?"

"हो. घरी काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, बाहेर बसलो होतो." काकूंनी परात बाजूला सरकवली. "मध्या, यांना हेडक्लार्कच्या मुलाखतीला तीनदा बोलावलं होतं. तिन्ही वेळा कोट मीच झाडून दिला. तिन्ही वेळा हे नाव पुकारेपर्यंत बाकावर बसले, आणि पुकारल्यावर पोटात दुखतंय सांगून परत फिरले. घरी येऊन म्हणायचे, बोर्डाने नापास केलं. बोर्ड म्हणजे बोर्ड. गणपतच्या बायकोने मला खरं ते सांगितलं."

"मग तुम्ही?"

"मी काय? बोर्डाला चार शिव्या घातल्या आणि पान वाढलं. पेन्शनीत आल्यावर हे ओटीवर टेबल मांडून बसायला लागले. आधी महिनाभर कोणी येईना. रिकाम्या खुर्चीसमोर एकटेच कोट घालून बसायचे. मग मी वाल घेऊन शेजारी बसायला लागले." त्यांनी परात पुन्हा ओढली. "त्यांना सांगायचं नाही हं, मला ठाऊक आहे म्हणून."

मी सांगितलं नाही. पण संध्याकाळी बापूसाहेब ओटीवर टेबल पुसत असताना मला राहवेना. डोळ्यांत पाणी येऊ बघत होतं आणि त्यांच्या पाया पडावं असंही वाटत होतं. मी म्हटलं, "बापूसाहेब, त्या दिवशी माझ्यासाठी आत आलात. भीती नाही वाटली?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकली. आवाज खाली आणला.

"पूर्वी वाटायची," ते म्हणाले. "दार जरासं उघडं असायचं. फटीतून बघायचो, तर आत बसलेला प्रत्येक माणूस मला आपल्याहून हुशार दिसायचा. त्या दिवशी बघितलं, तर तू बसला होतास."