मनवेलकाकांच्या गाडीचा चोर

आमच्या बिल्डिंगला लागून असलेल्या वाडीतल्या मनवेलकाकांनी आपल्या मोटरसायकलला चोराला पळवून लावणारा अलार्म बसवून घेतला आहे. गाडीची किल्ली मात्र ते गाडीलाच लटकत ठेवतात.

ही दोन वाक्यं कृपया पुन्हा एकदा वाचा. मी एवढा का चिडलोय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मी विमानतळावर कार्गोमध्ये काम करतो. कायमची रात्रपाळी. सकाळी घरी यायचं, चहा-पाव खायचा आणि पडदे ओढून आडवं व्हायचं, हा माझा दिनक्रम. नंदाखालला घर घेतलं तेच मुळी शांततेसाठी. बिल्डरने आम्हाला गच्चीवर नेऊन माडांचे शेंडे दाखवले होते आणि छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "इथे पक्ष्यांशिवाय आवाज नाही, साहेब." पक्ष्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण हा अलार्म! त्याला एक सूर असता तरी मी कानात कापूस कोंबून निभावलं असतं. त्याची सुरुवात ॲम्ब्युलन्सने होते. मग अग्निशामक दल येतं. मग अंतराळातली लढाई होते आणि शेवटी शेपटीवर पाय पडलेलं मांजर. हे सगळं आटोपून आपण कूस बदलावी, तर ॲम्ब्युलन्स परत आलेली असते.

बरं, गाडी तरी कशी? टाकीचा मूळ रंग कोणता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मडगार्ड तारेने बांधलंय, आरसा एकच आहे आणि त्यात आभाळ तेवढं दिसतं. गल्लीतून जाणारा भंगारवालासुद्धा तिच्याकडे बघून हातगाडी पुढे दामटतो. अशा गाडीवर झावळी पडली की अलार्म वाजतो. कोंबडी बसली की वाजतो. रस्त्यावरून डंपर गेला, तरी तो वाजतो. आणि वाजला की केळीच्या बागेतून मनवेलकाका धावत सुटतात. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात भोकं पडलेला बनियन. कोंबडी असली तर तिला हुसकतात, खिशातला रिमोट दाबतात आणि आमच्या गॅलरीकडे बघून, जणू मी विचारलंच होतं अशा थाटात जाहीर करतात, "वाजला म्हणजे आहे!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरात ते गावाची बोली बोलतात, ती मला निम्मीच कळते. माझ्याशी मात्र देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, उभं राहून बायबल वाचावं तसं स्वच्छ मराठी. पहिल्यांदा मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावलं होतं, "हे बघा, वाजला म्हणजे गाडी आहे. न वाजता गेली, म्हणजे गेली. मग वाजलेलं बरं की नाही?" मी घरी येऊन उशी डोक्यावर घेतली.

सुरुवातीला सगळी बिल्डिंग खाली धावायची. माणसं फाटकाबाहेर जाऊन इकडे-तिकडे चोर शोधायची. हळूहळू लोक यायचे थांबले. पण काकांचा उत्साह तसूभर कमी झाला नाही. उलट कधीकधी ते चोराचा पाठलागही करतात. आणि हा पाठलाग बघण्यासारखा असतो. काका चिखलाचे पाय तसेच घेऊन गाडीला किक मारतात आणि मागे रोझीकाकी बसलेल्या असतात. रोझीकाकी म्हणजे त्यांची बायको. साडी चापूनचोपून नेसलेली, पदराला पिन, मांडीवर पर्स, हातात घडी घातलेला रुमाल. चोर पकडायला निघालेला हा जगातला पहिलाच माणूस असेल, जो बायकोला नटवून मागे बसवतो आणि बैलगाडीच्या वेगाने जातो.

एकदा ते परत आले तेव्हा मी गॅलरीतून खवचटपणे विचारलंच, "काय काका, सापडला का चोर?"

"सापडला," काका म्हणाले. "देवळापर्यंत गेला होता."

"मग?"

"मग काय? आणला परत."

माझी अशी भरदिवसा टिंगल! त्या दिवशी मी ठरवलं, आता बास.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी नाक्यावरच्या गॅरेजमधून शकीलला घेऊन आलो. अलार्म त्यानेच बसवला होता. तो येतानाच हात झटकत होता. "मेरी गलती नहीं, भाऊ. मी अंकलना बोललो होतो, इतना फुल पे मत रखो, कौआ बैठेगा तो भी बजेगा. ते बोलले, बैठू दे."

"आता कमी करून टाक," मी म्हणालो.

शकीलने अलार्म बंद केला आणि सीट काढून ओट्यावर ठेवली. आत वायरींचा गुंता होता. त्याने त्यात हात घातला तोच काका बागेतून आले.

"हात लावू नको त्याला!"

"का लावायचा नाही?" मीही आवाज चढवला. "माणसांनी झोपायचं की नाही? काका, ही गाडी चोर फुकट नेणार नाही, वर तुमच्याकडेच पैसे मागेल! आणि किल्ली? किल्ली तुम्ही गाडीलाच ठेवता! एवढी चोराची भीती आहे, तर किल्ली काढून घरात ठेवा ना!"

"घरात ठेवली तर शोधत बसावं लागतं," काका म्हणाले. "तेवढा वेळ नसतो."

"चोराला पण तेवढाच वेळ वाचतो!"

शकीलला हसू आवरेना. काका त्याला म्हणाले, "तू हस. पण एक बोट लागलं तरी वाजलं पाहिजे. कमी केलंस तर मी तुझ्या दुकानासमोर येऊन बसेन."

आमची अशी जुंपलेली असताना रोझीकाकी घरातून बाहेर आल्या. निळी साडी, पर्स, रुमाल. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ गाडीपाशी गेल्या आणि बसायला हात टेकवला. सीट नव्हती. त्या जरा घुटमळल्या, उघड्या वायरींकडे पाहिलं, आणि मग वळून फाटकातून बाहेर चालू लागल्या.

अलार्म बंदच होता. काका माझ्याकडे बोट रोखून काहीतरी बोलत होते, ते अर्ध्यावर थांबले. मागे वळून त्यांनी गाडी पाहिली, उघडं फाटक पाहिलं आणि अनवाणी धावले. रस्त्याच्या वळणावर विटांचा डंपर येत होता. काकांनी काकींचा दंड धरला आणि डंपर जाईपर्यंत कुंपणाला चिकटून उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, पयलीच घंटा झाली. दुसरीला वेळ हाय."

"तुझा नेहमीचाच उशीर," काकी म्हणाल्या. "आयताराच्या दिवशी तरी लवकर आवर. देवळातली मिस्सा चुकंल."

तो मंगळवार होता.

शकीलने न सांगता सीट बसवली. काकी काकांबरोबर परत येऊन तिच्यावर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. काकांनी त्यांच्या पदराची सुटलेली पिन नीट लावली. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"बाकीचे वार गेले तिचे. आयतार तेवढा राहिला. लग्न झाल्यापासून दर आयतारी ही तयार होऊन आधी गाडीवर बसायची आणि हॉर्न दाबायची. सगळ्या आळीला कळायचं, मनवेलची अजून दाढी चालू आहे म्हणून. आता बसते, पण हॉर्न कुठे असतो ते आठवत नाही. थोडा वेळ वाट बघते, मग उतरते आणि एकटीच देवळाकडे निघते. मी तिकडे केळीला पाणी सोडत असतो. मला काय कळणार? म्हणून दुसरा हॉर्न बसवला."

"फाटकाला कुलूप तरी..." मी म्हणालो.

"बायकोला कुलूप लावू?"

पण खरं सांगतो, माझा राग गेला नव्हता. उलट भडकला होता. शेजारी म्हणून आम्ही इथे काय माड मोजायला राहतो? मी तसं बोललोही. "इतके दिवस आम्हाला सांगायला काय झालं होतं? आम्ही सगळे धावत येत होतो की!"

"चोरासाठी येत होता," काका म्हणाले. "ते बरं होतं. गावातले येतात ते तिच्यासमोर उभे राहून विचारतात, सांग, मी कोण? परीक्षा घेतात तिची. नाव आठवलं नाही की ती रात्री रडते. तुम्ही लोक चोर शोधत होता, तिला कोणी बघत नव्हतं."

मग त्यांनी किक मारली. माझ्या डोळ्यांदेखत चोराला घेऊन ते देवळाकडे निघाले, बैलगाडीच्या वेगाने.

अलार्म आहे तसाच आहे. मी आजही त्याला शिव्या घालतो, आणि मनवेलकाकांनाही. काल दुपारी नुकता डोळा लागला होता, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. मी तणतणत गॅलरीत गेलो. सीटवर निळी साडी होती. काकांचा पत्ता नव्हता. ॲम्ब्युलन्स संपून अग्निशामक दल सुरू झालं आणि काकींनी एक पाय जमिनीवर टेकवला.

मी ग्रिलला तोंड लावून ओरडलो, "काकी, पहिलीच घंटा झालीय! बसा निवांत!"

त्यांनी वर पाहिलं. मी कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. पाय पुन्हा फूटरेस्टवर ठेवून त्या म्हणाल्या, "त्या मनवेलला जरा हाक मार. रोजचंच हाय त्याचं."

मी हाक मारली. बिल्डिंगच्या चार खिडक्या उघडल्या असतील, उघडोत. बागेच्या पार टोकाकडून, केळींच्या आतून, धापा टाकत आवाज आला, "आहे का?"

"आहे!" मी ओरडलो. "या सावकाश. आहे, आहे!"